रखमाची हाक

अनुपमाचा कागदावरचा विश्वास त्या पुरात वाहून गेला. सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेतून वर चढलं, कॉलेजच्या तळमजल्यात शिरलं आणि वाचनालयात मुक्काम ठोकून मग सावकाश उतरलं. ग्रंथपाल म्हणून कुलूप उघडायला तीच गेली. कपाटांतली पुस्तकं भिजून इतकी फुगली होती की एकही हातानं ओढून निघेना. शेवटी पहारीनं काढावी लागली. ज्यांना तिनं नंबर लावले, ज्यांच्या पाठीला कापडी पट्ट्या चिकटवल्या, ती सगळी पुस्तकं चिखलाबरोबर डंपरमध्ये गेली. तेव्हा ती रडली नाही. पण कागदावर तिचा राग बसला तो बसलाच. ऊन सोसवत नाही, पाणी सोसवत नाही, वाळवीचं तर नावच काढायला नको, असल्या नाजूक जातीच्या नादी आपण उगाच लागलो, असं ती स्टाफरूममध्ये चारचौघांत म्हणायची.

मग तिला इंटरनेटचा नाद लागला. नाद म्हणजे पाककृती आणि नाचणारी माणसं बघायचा नव्हे. जगभरातल्या ग्रंथालयांनी, विद्यापीठांनी, कुठल्या कुठल्या हौशी म्हाताऱ्यांनी फुकट उघडून ठेवलेल्या जागा ती धुंडाळायची. एका ठिकाणी जुने नकाशे होते, ज्यांत महाड हे बंदर म्हणून दाखवलेलं होतं. एका ठिकाणी पक्ष्यांचे आवाज होते, कुठला पक्षी कुठल्या रानात ओरडला त्या तपशिलासकट. एका ठिकाणी जहाजाच्या कप्तानांनी भर समुद्रात लिहून ठेवलेलं रोजचं हवामान होतं. बंद पडलेली वर्तमानपत्रं, ताडपत्रावरच्या पोथ्या, कोणे एके काळच्या लुगड्यांच्या काठांचे नमुने, काय म्हणाल ते. दर रविवारी सकाळी त्यातली एक जागा ती 'खिडकी' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आणि खाली चार ओळी लिहायची. ग्रुपात मास्तर होते, डॉक्टर होते, निवृत्त तलाठी होते, आणि पाचाडला खानावळ चालवणारे मालोजीराव होते. हे मालोजीराव प्रत्येक गोष्ट आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचे. अनुपमा त्यांची भर ग्रुपात थट्टा करायची. घरात चोवीस तास नळ आहे, तुम्ही हंडे कशाला भरून ठेवताय, असं ती लिहायची. मालोजीराव हात जोडलेलं चित्र पाठवून गप्प बसायचे.

तिला मनापासून तसंच वाटत होतं. तिथं पुराचं पाणी पोचत नाही, वाळवी पोचत नाही. जे आहे ते आहे, आणि राहणार आहे. आपण फक्त खिडकी उघडायची.

अशीच एकदा ती युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या भाषा-संग्रहात शिरली. पंचावन्नएक वर्षांपूर्वी त्यांचा एक माणूस टेप रेकॉर्डर पाठीवर टाकून आपल्याकडच्या डोंगरांत हिंडला होता. बायाबापड्यांना तो काहीही बोलायला लावायचा. भात कसं लावता सांगा, लग्न कसं ठरवता सांगा, एखादी गोष्ट सांगा. त्याला मजकुराशी देणंघेणं नव्हतं, सलग बोलण्यातली ढब हवी होती. यादीत खाली खाली जाताना अनुपमाला 'कुलाबा जिल्हा, पोलादपूर' दिसलं आणि तिचं बोट थांबलं. पुढं लिहिलं होतं: रखमा, वय सुमारे तीस, नाचणीची शेती. खाली वाडीचं नाव होतं. तिनं बटण दाबलं.

वाचनालयात त्या वेळी सलोनी पुरानंतर नव्यानं आलेली पुस्तकं लावत बसली होती. ही पोलादपूरकडच्या कुडपणची पोर, कॉलेजसाठी महाडला खोली घेऊन राहायची आणि मोकळ्या तासाला अनुपमाच्या हाताखाली लुडबुडायची. आवाज ऐकून ती हसली. म्हणाली, मॅडम, ही बाई डिट्टो आमच्याकडच्यासारखी बोलतेय. तेवढ्यात टेपमधली बाई बोलता बोलता थांबली आणि बाजूला तोंड करून ओरडली, "ठके, ती कोंबडी बघ सुपात शिरली, हाकल गो तिला." मग पुन्हा नाचणीकडे वळली. सलोनीनं हातातली पुस्तकं खाली ठेवली. वाडीचं नाव विचारलं, बाईचं नाव विचारलं. ती वाडी तिच्या आजीचं माहेर होती. आजीच्या आईचं नाव रखमा होतं. आणि आजीचं नाव होतं ठकूबाई.

पुढच्याच रविवारी दोघी पोलादपूरहून कुडपणच्या एसटीत बसल्या. ठकूबाई अंगणात वरी पाखडत होती. साठी गाठलेली, काटक बाई, डोक्यावरचा पदर सारखा सावरायची सवय. घरात रेंज नव्हतीच, म्हणून तिला पठाराच्या कडेला नेलं. तिथं एक मोठा सपाट खडक होता आणि सगळ्या कुडपणचं मुंबईशी बोलणं त्या खडकावरून चालायचं. अनुपमानं तिला आधी सगळं नीट समजावून सांगितलं, कारण तिला धसका होता की एवढ्या वयाच्या बाईला एकदम ऐकवलं तर काय होईल.

व्हायचं ते झालंच. 'ठके' म्हणून हाक आली तशी ठकूबाई बसल्या जागेवरून उठून उभी राहिली आणि तिनं मागं वळून बघितलं.

मग ती कितीतरी वेळ पदर तोंडाला लावून बसली. तिची आई त्याच पावसाळ्यात गेली होती. शेतावर पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि पोलादपूरला नेईपर्यंत संपली. ठकूबाई तेव्हा एवढीशी होती. फोटो काढायची पद्धत नव्हती, ऐपतही नव्हती. आईचं तोंड आठवत नाय, असं तिनं सांगितलं. चुलीकडं तोंड करून बसलेल्या बाईची पाठ तेवढी आठवते. ती पाठ आईचीच का चुलतीची, हेही खात्रीनं सांगवत नाही. टेपवाला माणूस मात्र लख्ख आठवत होता, कारण त्याचे कान उन्हानं लाल झाले होते आणि सगळी पोरं त्याला हसत होती.

सलोनीनं लगेच ते आपल्या फोनमध्ये उतरवून घ्यायला घेतलं. ठकूबाईनं तिचा हात धरला.

"नको गो. मेलेलं मानूस घरात कोंडून ठेवू नये. मंग त्याचं अडकतं. वरसातनं एकदा बोलवायचं. येतंय, भेटतंय, जातंय आपल्या वाटनं."

तिचा हिशोब साधा होता. पितृपक्षातली अहेव नवमी हा नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. त्या दिवशी म्हाळ, म्हणजे पितरांचं जेवण, घालायचा तो मुलानं. ठकूबाईचा भाऊ मुंबईत वारला, भाचे गयेला जाऊन सगळ्या पितरांचं एकदाच करून आले आणि त्यानंतर त्यांनी म्हाळ घालणं सोडलं. लग्न होऊन गेलेल्या लेकीला माहेरच्या माणसांचं काही करता येत नाही. म्हणजे रखमाला वर्षभरात कुणी बोलवणारंच उरलं नव्हतं. तर नवमीला तुमी या, मला ऐकवा, आणि बंद करा, असं ठकूबाई म्हणाली. फोनमध्ये ठेवायचं नाही. कुणीच ठेवायचं नाही. रोज उठून मेलेल्या आईला बडबड करायला लावणारी ही कसली लेक?

अनुपमाला ते इतकं पटलं की तिचा ऊर भरून आला. जग सगळं साठवत सुटलंय आणि ही बाई म्हणते, येऊ द्या, जाऊ द्या. ठकूबाईचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "ती तिथंच राहील, मावशी. कुठं जात नाही ती. तुम्ही म्हणाल तेव्हा बोलवू."

या शब्दांसाठी ती पुढं स्वतःला किती शिव्या घालणार होती, ते तिला तेव्हा कुठलं माहीत असायला.

नवमी आली की दोघी कुडपणला जायच्या. ठकूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून वाटच बघत असायची. खडकावर बसायचं, ऐकायचं. नाचणीच्या रोपांसाठी जमिनीचा राब कसा भाजायचा, बी कधी टाकायचं, रोपं उपटून कशी लावायची, मधेच ती हाक, आणि मग पुन्हा खुरपणी. एकदाच. दुसऱ्यांदा लाव असं ठकूबाई कधी म्हणाली नाही. ऐकून झालं की ती पदर सारखा करायची आणि म्हणायची, चला, वडे गार झाले. परतीच्या एसटीत अनुपमाला आपण फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटायचं. आपण केलं काय, तर बटण दाबलं. पण वाटायचं खरं.

यंदा गौरी-गणपतीच्या सुट्टीत ती सहज त्या संग्रहात डोकावायला गेली. पान उघडेना. आधी वाटलं, सुट्टीत सगळी मुंबई गावाला आलेली, रेंजवर ताण असणार. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून बघितलं. पान नाही. नुसतं तेच पान नव्हे, अख्खा संग्रह नव्हता. पत्त्यावर पांढरी फटक पाटी होती आणि ही जागा सापडत नाही असं त्यावर लिहिलेलं. दुकान बंद करून माणूस पळून जातो तेव्हा फळीवर निदान खडूनं काहीतरी खरडलेलं असतं. इथं तेवढंही नव्हतं.

तिनं विद्यापीठाला ईमेल केली. यंत्रानं आभार मानले. दुसरी केली, तिसरी केली. शेवटी कुणीतरी खरोखरच्या माणसानं उत्तर दिलं, आणि ते इतकं सभ्य होतं की तिला भांडताही येईना. प्रकल्पाची मदत संपली होती. सर्व्हर उन्हाळ्यात बंद केला. तो टेपवाला माणूस केव्हाच वारला होता. मूळ टेपा दुसऱ्या शहरातल्या कोठारात गेल्या आहेत, त्या नव्यानं उतरवायचं काम पुढं कधीतरी निघेल. मरू घातलेल्या भाषा आधी घेतल्या जातील. मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत, त्यामुळे तिचा नंबर बराच खाली आहे. शिवाय त्या टेपा आता वाजतील का, हे उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्या आस्थेबद्दल आम्ही ऋणी आहोत.

अनुपमानं ते कितीदा वाचलं. कोट्यवधी आहेत हे खरंच. त्यातल्या एका बाईचं एक वाक्य हवं होतं.

जुन्या वेबसाइटांच्या प्रती करून ठेवणारी एक जागा आहे, तिथं ती गेली. तिच्याच ग्रुपवर तिनं कधीकाळी मोठ्या कौतुकानं ती टाकली होती. आणि तिथं रखमाचं पान सापडलं. नाव, वाडी, वय सुमारे तीस, खाली सगळं बोलणं लिहून काढलेलं, आणि वाजवायचं बटण. तिला इतका आनंद झाला की ती खुर्चीतून उठली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. त्या जागेनं पान जपलं होतं, आवाज जपला नव्हता. बटण म्हणजे नुसतं बटणाचं चित्र होतं. कॉम्प्युटरच्या मास्तरांना बोलावून आणलं, त्यांनी बरीच खटपट केली आणि मान हलवली.

मग तिनं नाक मुठीत धरून ग्रुपवर विचारलं. तो संग्रह मी टाकला होता तेव्हा कुणी त्यातलं काही उतरवून घेतलं होतं का? लोकांनी मनापासून शोधलं, हे कबूल करायला हवं. कुणाकडं गडांचे नकाशे निघाले, कुणाकडं पक्षी निघाले. मालोजीरावांनी तर खानावळ बंद ठेवून सगळ्या डिस्का तपासल्या आणि संध्याकाळी फोन केला. त्यांच्याकडं त्याच संग्रहातलं आठ-दहा बायकांचं बोलणं होतं, वाईचं होतं, खेडचं होतं. पोलादपूरचं नव्हतं. "घेणार होतो मॅडम," ते म्हणाले, "पण तेव्हा तुम्हीच म्हणालात, घरात नळ असताना हंडे कशाला भरताय. मग म्हटलं, बरोबर आहे तुमचं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आपण काही करू शकत नाही, हे अनुपमाला आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्वच्छ कळलं. पुरात निदान चिखल उपसता आला होता. इथं उपसायला काही नव्हतं. ती रोज एकदा त्या पांढऱ्या पाटीवर जाऊन यायची, वेड्यासारखी.

नवमी उजाडली. एसटीत पोलादपूर सोडल्यावर सलोनीनं एका कानातली वायर काढून तिच्या कानात घातली. म्हणाली, मॅडम, रागावू नका, फक्त ऐका. कुणीतरी बाई म्हणत होती, ठके, ती कोंबडी बघ सुपात शिरली, हाकल गो तिला. ढब तीच, हेल तोच. सलोनीनं आपल्या मावशीकडून म्हणवून घेतलं होतं, बरं जमेपर्यंत पुन्हा पुन्हा. "आजीला आता ऐकायला कमी येतं," ती म्हणाली. "तिला नाही कळणार. तिची नवमी तर होईल. सच्ची, मॅडम, दुसरा ऑप्शन काय आहे?"

वाईट याचं की क्षणभर अनुपमाला ते जमण्यासारखं वाटलं. घाटातली दोन वळणं ती तोच विचार करत होती. मग तिनं वायर काढून सलोनीच्या हातात दिली आणि पुसून टाक म्हणून सांगितलं. आईच्या नावानं दुसरंच कुणी बोलावून आणायचं, तेही पितरांच्या दिवशी, हे पाप आपल्याच्यानं होणार नाही. सलोनी खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

ठकूबाई तयारच होती. तेच लुगडं, केसांना तेल. यंदा गुडघे कुरकुरतात म्हणाली, पण चालत पुढं तीच होती. वाटेत नाचणी कणसाला आली होती, ती दाखवत, यंदा रानडुकरांनी किती खाल्ली ते सांगत चालली होती. अनुपमा हूं हूं करत होती. खडकापर्यंत पोचेस्तोवर सांगून टाकायचं असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं, आणि खडक आला तरी तोंड उघडलं नव्हतं.

ठकूबाई बसली. पदर सावरला, हात मांडीवर ठेवले. अनुपमानं फोन काढला, त्याच्याकडं बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, आज रेंजच नाहीये."

खडकाच्या दुसऱ्या टोकाला गावातली सुंदराबाई बसली होती, तिचा मुलगा मुंबईला. ती व्हिडिओ कॉलवर होती आणि नातवाला इकडची म्हैस दाखवत, सगळ्या पठाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. ठकूबाईनं तिच्याकडं बघितलं. मग अनुपमाकडं बघितलं. समोरचा माणूस खोटं बोललाय हे कळल्यावर त्याला वेळ द्यावा, एवढं शहाणपण तिच्याकडं होतं. अनुपमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं सांगितलं. जमेल तसं, तुटक तुटक सांगितलं. जिथं तो आवाज ठेवला होता ती जागाच त्यांनी बंद केली, टेपा कुठंतरी पडल्यात, मी खूप पत्रं लिहिली, सगळ्यांना विचारलं, कुणाकडं नाही. हे सांगताना तिला जाणवत होतं की आपण जे जे बोलतोय त्याला या खडकावर काही वजनच नाही. सर्व्हर म्हणजे काय, ते हिला कशाशी जोडून दाखवणार?

ठकूबाई शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आन ती आता कुटं हाय?"

"माहीत नाही, मावशी."

"परत येनार नाय?"

"नाही वाटत."

"मीच म्हनाले व्हते, ठेवू नका म्हनून."

"नाही हो," अनुपमा घाईनं म्हणाली. "तुमचा काय दोष? मी शब्द दिला होता तुम्हाला. मला कळायला हवं होतं, माझं कामच ते आहे." हे सगळं खरं होतं, आणि त्यातल्या एकाही शब्दाचा ठकूबाईला उपयोग नव्हता. ती दरीकडं बघत होती. सुंदराबाईचं बोलणं आटोपलं, ती म्हशीला हाकत निघून गेली. सलोनी आजीला चिकटून बसली होती.

काहीतरी द्यायला हवं, हिला रिकाम्या हातांनी इथून उठवायचं नाही, म्हणून अनुपमानं ते जुनं पान उघडलं. म्हणाली, मावशी, आवाज नाही, पण तुमच्या आईचं बोलणं लिहून ठेवलंय. वाचू का? ठकूबाईनं मान हलवली.

अनुपमा वाचू लागली. लिहिणाऱ्यानं शब्द न् शब्द जसाच्या तसा उतरवला होता. आधी राब भाजायचा. शेण, पातेरा, कवळं पसरायची नि पेटवायची. राख थंड झाली का मिरगाच्या तोंडाला बी टाकायचा. रोप वितीएवढं झालं का उपटायचा. तिच्या महाडच्या तोंडात ते बोलणं उसनं आणल्यासारखं वाटत होतं. तरी ठकूबाई मान डोलावत ऐकत होती, कारण तिला ते सगळं आता पाठ होतं, आणि पुढं काय येणार तेही माहीत होतं. ती थोडी पुढं झुकली. तिनं पदर कानामागं घेतला.

अनुपमा थांबली. तिथं ते वाक्य नव्हतं. कंसात एकच शब्द होता. हे पान तिनं इतक्यांदा उघडलं, पण सगळा जीव त्या बटणात अडकलेला. मजकूर खालपर्यंत तिनं कधी वाचलाच नव्हता.

"का थांबलाव?" ठकूबाईनं विचारलं.

"इथं... इथं त्यांनी नुसतं 'व्यत्यय' असं लिहिलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे बोलताना मधेच काही आलं. कामाचं नाही असं. अडथळा."

ठकूबाईनं कानामागं घेतलेला पदर सोडला. "तो मीच ना?" ती म्हणाली.

त्या लाल कानांच्या माणसाला नाचणीवरचं सलग बोलणं हवं होतं, ते त्यानं शेवटच्या दाण्यापर्यंत उतरवून घेतलं होतं. मधे एका पोरीला तिच्या आईनं हाक मारली, ते त्याच्या उपयोगाचं नव्हतं. त्याची चूक म्हणावी तर तीही म्हणता येत नव्हती.

"तुमाला येतंय ना पाठ?" ठकूबाईनं विचारलं. "तुमी म्हना."

अनुपमाला ते नको होतं. सकाळी एसटीत जे पाप म्हणून तिनं पुसायला लावलं होतं, तेच आता तिच्याकडं मागितलं जात होतं, आणि मागणारीला नाही म्हणायचा अधिकार तिच्यापाशी उरला नव्हता. तिनं सलोनीकडं बघितलं. सलोनीनं मान खाली घातली. मग अनुपमानं फोन पालथा ठेवला, घसा साफ केला, आणि आठवत होतं तसं, तेवढ्याच जोरानं, बाजूला तोंड करून म्हटलं, "ठके, ती कोंबडी बघ सुपात शिरली, हाकल गो तिला."

ठकूबाई जागची हलली नाही. तिनं मागं वळून बघितलं नाही. डोळे मिटून ती अजून ऐकतच होती, एखादा उशिरा येणारा शब्द राहिला असेल तर तो यावा म्हणून. मग तिनं डोळे उघडले आणि अनुपमाच्या हातावर हात ठेवला. तिला वाईट वाटू नये, एवढ्याचसाठी ठेवला होता.

"शबुद तेच हायत, बाई," ती म्हणाली. "पन हाक कोन मारतंय, ते नाय कळत."